द्रागोस्लाव आव्रामोविच: महागाई थांबवणारे ‘आजोबा’ राजकारणात कसे आले? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युगोस्लाव्हियाची १९९३-९४ची महागाई हा विषय निघाला की पत्रांचा ओघ सुरू होतो. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, जुन्या नोटा जमवणारे, बँकेत नोकरी केलेले वाचक, सगळे त्यात असतात. गाडी फिरून फिरून एकाच माणसापाशी येते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तर तसं जागोजागी सांगितलं आहे.

१. हे आव्रामोविच नेमके कोण? दोन ओळींत सांगाल का?

द्रागोस्लाव आव्रामोविच (१९१९–२००१) हे सर्बियन अर्थतज्ज्ञ. जानेवारी १९९४ मध्ये वयाच्या ७४व्या वर्षी त्यांनी आखलेल्या कार्यक्रमाने जगातल्या सर्वांत भीषण महागाईंपैकी एक काही दिवसांत थांबली. त्यानंतर दोन वर्षं ते युगोस्लाव्हियाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते. सरकारशी खटके उडाल्यावर १९९६ मध्ये त्यांना काढलं आणि त्याच वर्षी ते विरोधकांच्या बाजूने राजकारणात उतरले. सर्बियात लोक त्यांना ‘देदा आव्राम’, म्हणजे आव्राम आजोबा म्हणत.

२. ते सर्बियाचे की युगोस्लाव्हियाचे? आणि कुठल्या युगोस्लाव्हियाचे?

हा गोंधळ सगळ्यांचाच होतो, कारण एका आयुष्यात त्यांच्या देशाची नावं आणि सीमा अनेकदा बदलल्या. जन्म १४ ऑक्टोबर १९१९ रोजी स्कोप्येचा. हे शहर आज उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. तेव्हा ते सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन लोकांच्या राज्यात होतं. शिक्षण बेलग्रेडच्या विधी महाविद्यालयात झालं. अर्थशास्त्र तेव्हा तिथेच शिकवलं जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर टिटोंचा सहा प्रजासत्ताकांचा युगोस्लाव्हिया आला आणि १९९१-९२ मध्ये तो फुटला. एप्रिल १९९२ मध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रो या दोघांनी मिळून ‘युगोस्लाव्हियाचं संघराज्य’ हे नाव घेतलं. आव्रामोविच गव्हर्नर झाले ते या उरलेल्या छोट्या युगोस्लाव्हियाचे. परीक्षेत ‘युगोस्लाव्हियाची महागाई’ असं विचारलं तर हाच देश समजावा.

३. १९९४च्या आधी ते काय करत होते? एकदम ७४व्या वर्षी कुठून उगवले?

उगवले नाहीत, परत आले. १९५०च्या दशकात ते वॉशिंग्टनला जागतिक बँकेत गेले आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथे राहिले. गरीब देश परकीय कर्ज घेतात ते फेडू शकतील की नाही, हे कसं ओळखायचं, हा त्यांचा खास विषय. रवी गुलाटी या सहकाऱ्याबरोबर १९६० मध्ये त्यांनी नेमक्या याच विषयावर पुस्तक लिहिलं. कर्ज फेडण्याची देशाची ऐपत मोजण्याच्या कामातलं ते सुरुवातीचं महत्त्वाचं काम आहे.

त्यानंतर कच्च्या मालाच्या भावांचा प्रश्न आणि श्रीमंत-गरीब देशांमधली दरी यांवर त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेत काम केलं. पुढे निवृत्ती घेऊन ते अमेरिकेतच होते. थोडक्यात, १९९४ मध्ये बेलग्रेडच्या सत्ताधाऱ्यांना सापडलेला माणूस पक्षातला नव्हता. कित्येक दशकं दुसऱ्यांच्या देशांच्या तिजोऱ्या तपासलेला माणूस होता तो, आणि पुढे सरकारशी त्याचं बिनसलं ते याच सवयीमुळे.

४. त्यांचा भारताशी काही संबंध आला होता का?

आला होता. पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सलर विली ब्रांट यांच्या अध्यक्षतेखाली १९७७ मध्ये विकासाच्या प्रश्नांवर एक स्वतंत्र आयोग बसला. त्याचा अहवाल १९८० मध्ये आला. आव्रामोविच त्या आयोगाच्या सचिवालयाचे संचालक होते, तर भारताचे लक्ष्मीकांत झा आयोगाचे सदस्य होते. झा म्हणजे रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर. आपल्याकडे अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘उत्तर-दक्षिण संवाद’ शिकवला जातो, तो याच अहवालाशी जोडलेला आहे.

५. महागाई नेमकी किती होती? आकडे वाचून विश्वास बसत नाही.

न बसणं साहजिक आहे. जानेवारी १९९४ या एका महिन्याचा अधिकृत दर ३१ कोटी टक्क्यांहून जास्त होता. आकड्यापेक्षा दुपटीचा वेळ लवकर कळतो: सुमारे ३४ तासांत भाव दुप्पट. शुक्रवारी संध्याकाळी हातात पडलेल्या पगाराची किंमत रविवारी पहाटेपर्यंत निम्मी. तोच पैसा दोन आठवडे तसाच पडून राहिला तर त्याचं जवळजवळ काहीच उरत नसे.

शून्यं काढून टाकण्याचा सपाटाही लागला होता. १ ऑक्टोबर १९९३ला दहा लाख जुन्या दिनारांचा एक नवा दिनार झाला. तीनच महिन्यांनी, १ जानेवारी १९९४ला, त्या नव्या दिनारांच्या १ अब्जाचा पुन्हा एक दिनार झाला. म्हणजे तीन महिन्यांत पंधरा शून्यं गेली, आणि तरीही तीन आठवड्यांत पुन्हा कोटींचे भाव सुरू झाले.

जगाच्या क्रमवारीत कितवा नंबर, हेही विचारलं जातं. महिन्याच्या दराने पाहिलं तर १९४६चा हंगेरी पहिला, २००८चा झिम्बाब्वे दुसरा आणि त्यानंतर १९९४चा युगोस्लाव्हिया. ज्या १९२३च्या जर्मनीचं उदाहरण नेहमी दिलं जातं तिथे भाव दुप्पट व्हायला पावणेचार दिवस लागत होते.

६. ही सगळी महागाई संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळेच ना?

नाही. तेव्हाचं सरकार हेच सांगत होतं आणि आजही अनेकांचा तसाच समज आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निर्बंध ३० मे १९९२ रोजी लागले, सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक ७५७ने. तेल, व्यापार, हवाई वाहतूक सगळं बंद झालं आणि उत्पादन कोसळलं, हे खरं. पण रोग त्याआधीचा आहे. डिसेंबर १९९० मध्ये, निवडणुकीच्या सुमारास, सर्बियाच्या सत्ताधाऱ्यांनी संघराज्याच्या मध्यवर्ती बँकेला न विचारता अब्जाहून अधिक डॉलरच्या किमतीचा पैसा गुपचूप निर्माण करून वाटला. तेव्हा सहा प्रजासत्ताकांचा देश अजून एकत्र होता. मध्यवर्ती बँकेला कुणी जुमानायचं कारण नाही, हा पायंडा तिथे पडला.

त्यानंतर युद्ध आलं. क्रोएशिया आणि बोस्नियातल्या सर्बांच्या लढाईचा भार, बंद पडलेल्या सरकारी कारखान्यांतल्या कामगारांचे पगार, पेन्शन, गहू खरेदी, सगळं बेलग्रेडच्या टोपचिदेर भागातल्या टाकसाळीत नोटा छापून भागवलं जाऊ लागलं. कर गोळा होईपर्यंत त्याची किंमत उरत नसे, म्हणून आणखी नोटा. निर्बंधांनी माल कमी केला. पण भाव ३४ तासांत दुप्पट करण्याची ताकद फक्त छापखान्यात असते. आव्रामोविचांनी निर्बंध चालू असताना महागाई थांबवून दाखवली, यापेक्षा मोठा पुरावा लागत नाही.

लोकांच्या बचतीचं काय झालं, हाही याचाच भाग आहे. जर्मनी-ऑस्ट्रियात काम करणाऱ्यांनी घरी पाठवलेले मार्क, म्हणजे जर्मनीचं तेव्हाचं चलन, बँकांत होते. ती खाती १९९१ मध्ये गोठवली. तो पैसा पुढे सर्बिया सरकारने रोख्यांच्या रूपात परत केला आणि शेवटचे हप्ते २०१६ मध्ये गेले. ज्यांच्याजवळ थोडेफार मार्क घरात उरले होते, त्यांतले पुष्कळ दोन खासगी बँकांनी ओढून घेतले: दाफिना मिलानोविच यांची ‘दाफिमेंट’ आणि येझ्दिमिर वासिल्येविच यांची ‘युगोस्कांडिक’. परकीय चलनावर महिन्याला दहा टक्के आणि त्याहूनही जास्त व्याज. नव्या ठेवीदाराच्या पैशातून जुन्याला व्याज, एवढाच तो धंदा. १९९२ मध्ये बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांचा पन्नास लाख डॉलरच्या बक्षिसाचा बुद्धिबळ सामना स्वेती स्तेफान आणि बेलग्रेडला भरवला तो याच वासिल्येविचने. निर्बंध मोडून खेळल्याबद्दल अमेरिकेने फिशरवर अटक वॉरंट काढलं. १९९३ मध्ये वासिल्येविच देश सोडून पळाला आणि दोन्ही बँका बसल्या.

७. मग सामान्य माणूस जगत तरी कसा होता?

जर्मन मार्कवर. भाडं, गाडीची दुरुस्ती, डॉक्टरची खासगी फी, सगळ्याचा हिशेब मनात मार्कमध्ये व्हायचा आणि दिनार फक्त तेवढ्या तासापुरता हातात यायचा. बेलग्रेडच्या क्नेझ मिहाइलोवा रस्त्यावर आणि बाजारांच्या तोंडाशी दलाल उभे असत. जाणाऱ्या-येणाऱ्याकडे न बघता ते ‘देविझे, देविझे’, म्हणजे परकीय चलन, असं पुटपुटत राहत. पगार झाला की लोक धावत तिथे जात, कारण दुपारचा भाव सकाळचा नसे.

ज्यांच्याकडे चेकबुक होतं त्यांनी आणखी एक वाट शोधली. दुकानात आज चेक द्यायचा. तो बँकेत वठेपर्यंत काही दिवस जायचे आणि तेवढ्यात त्या रकमेची किंमत उरायची नाही. त्यामुळे दुकानदार चेक घ्यायला कां-कू करू लागले, फळ्या रिकाम्या झाल्या आणि माल मागच्या दाराने मार्कमध्ये विकला जाऊ लागला. पेट्रोल रस्त्याच्या कडेला कॅनमधून आणि शीतपेयांच्या बाटल्यांमधून मिळे. १९९३ सरता सरता महिन्याच्या पेन्शनची किंमत मोजक्या मार्कांवर आली होती. सगळ्यात जास्त हाल म्हाताऱ्यांचे झाले. त्यांच्याकडे विकायला ना माल होता, ना रांगेत उभं राहायची ताकद. त्यांच्याच वयाच्या माणसाने हे थांबवलं, म्हणून ‘आजोबा’ हे नाव इतकं मनापासून पडलं असं मला वाटतं.

८. २४ जानेवारी १९९४ला त्यांनी नेमकं केलं काय?

त्या दिवशी नवा दिनार चालू झाला. लोकांनी त्याला ‘सुपर दिनार’ म्हटलं. एक नवा दिनार म्हणजे एक जर्मन मार्क, असा दर ठरवला. त्याच महिन्याच्या १ तारखेला काढलेले सुमारे १ कोटी ३० लाख दिनार दिले की एक नवा दिनार मिळे. हा आकडा मार्कच्या तेव्हाच्या भावाशी जुळवूनच धरला होता.

पण नवी नोट हे दिसणारं टोक होतं. याआधीच्या प्रत्येक वेळी शून्यं काढली गेली आणि छपाई तशीच चालू राहिली. या वेळी अट वेगळी होती. नवा दिनार निघणार तो परकीय चलन आणि सोन्याच्या गंगाजळीच्या आधारावर. सरकारी तूट भरायला मध्यवर्ती बँक नोटा छापणार नाही. आणि कुणीही बँकेत जाऊन दिनार दिला तर त्याला मार्क मिळेल. शेवटची अट लोकांनी स्वतः तपासून पाहिली. दिनार दिला की मार्क खरोखर हातात पडतो, हे दिसल्यावर मार्क मागायची घाईच कमी झाली. भाववाढ फेब्रुवारीत जवळपास शून्यावर आली.

९. तिजोरी रिकामी, निर्बंध चालू, परदेशी कर्ज नाही. मग एवढे मार्क आले कुठून?

सगळ्यांत चांगला प्रश्न हाच, आणि आव्रामोविचांच्या कामाचं मर्म याच उत्तरात आहे.

महागाई शिगेला पोचते तेव्हा लोक चलन हातात ठेवतच नाहीत. परिणाम असा की देशात फिरणाऱ्या सगळ्या दिनारांची एकत्र किंमत मार्कमध्ये मोजली तर ती अगदी किरकोळ होते. नोटांवर शून्यं असतात, मोल नसतं. मग तेवढ्या सगळ्या दिनारांना आधार द्यायला गंगाजळी मोठी लागतच नाही. जवळ होती तेवढी पुरली. बाहेरच्या अनेकांना कार्यक्रम अशक्य वाटला तो गंगाजळी लहान दिसत होती म्हणून. आव्रामोविचांनी गंगाजळीची तुलना उरलेल्या चलनाच्या मोलाशी केली.

पुढचा भाग आणखी महत्त्वाचा आहे. भाव स्थिरावल्यावर लोकांना पुन्हा खिशात दिनार हवासा वाटू लागला. रोजच्या व्यवहाराला तो लागतोच. म्हणून त्यांनी गादीखालचे मार्क काढून बँकेला विकले आणि दिनार घेतले. त्या मार्कांनी गंगाजळी वाढली आणि तेवढे नवे दिनार भाव न वाढवता बाजारात जाऊ शकले.

तिसरी गोष्ट करांची. महागाईत महिन्याभराने येणारा कर कवडीमोल होऊन येत होता. भाव थांबल्यावर तोच कर पूर्ण किमतीने येऊ लागला आणि तूट आपोआप कमी झाली. म्हणजे स्थैर्यातून पैसा आला आणि त्या पैशाने स्थैर्य टिकलं. पण हा फायदा एकदाच मिळतो. लोकांच्या खिशात हवा तेवढा दिनार भरला की पुढची प्रत्येक जादा नोट पुन्हा भावच वाढवते. हे ध्यानात ठेवून प्रश्न १२ वाचा.

१०. याला करन्सी बोर्ड म्हणायचं का?

नाही. करन्सी बोर्डात मध्यवर्ती बँकेचे हात कायद्याने बांधलेले असतात. जेवढं परकीय चलन तेवढ्याच नोटा, सरकारला उसने पैसे अजिबात नाहीत. अर्जेंटिनाने १९९१ मध्ये आणि बल्गेरिया, बोस्निया यांनी १९९७ मध्ये अशी किंवा याच्या जवळची व्यवस्था कायद्यात आणली. आव्रामोविचांच्या कार्यक्रमाचा गाभा तसाच होता, पण बंधन तेवढं पक्कं नव्हतं. शेतीसाठी, उद्योगासाठी मध्यवर्ती बँकेकडून पतपुरवठ्याची फट उरली होती. ही फट राहिली नसती तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती, असं माझं ठाम मत आहे.

११. ते गव्हर्नर म्हणून आले आणि मग कार्यक्रम केला, असंच ना?

क्रम उलटा आहे. आधी तज्ज्ञ म्हणून कार्यक्रम आखला. तो २४ जानेवारीला सुरू झाला. यश दिसू लागल्यावर २ मार्च १९९४ रोजी त्यांना ‘युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय बँके’चं गव्हर्नरपद मिळालं. पुष्कळ ठिकाणी दोन्ही घटना एकाच दिवसाच्या म्हणून छापलेल्या दिसतात.

१२. सुपर दिनार टिकला का? १:१चा दर आजही आहे का?

नाही, आणि हे सांगताना वाईट वाटतं. १९९४ची पहिली सहामाही अप्रतिम गेली. मग गहू कापणीला आला. सरकारने शेतकऱ्यांकडून धान्य घ्यायला पुन्हा मध्यवर्ती बँकेकडूनच पैसा घेतला. तोट्यातल्या सरकारी कारखान्यांनाही पैसा गेला. वर्षाच्या अखेरीपर्यंत काळ्या बाजारातला मार्क एका दिनारापेक्षा महाग झाला होता. १९९५ मध्ये भाव पुन्हा वेगाने चढले आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये अवमूल्यन करून अधिकृत दर ३.३ दिनारांना एक मार्क असा करावा लागला. आव्रामोविच तेव्हा गव्हर्नर होते, म्हणून जबाबदारी त्यांच्याही खात्यावर येते.

पुढे १९९८ मध्ये दर ६ झाला. २०००च्या अखेरीस सत्तांतरानंतर तो ३०वर आणला. १९९३-९४ची ती महागाई मात्र परत आली नाही. भाव वर्षाला दुप्पट होणं वाईटच, पण दीड दिवसात दुप्पट होणं ही वेगळीच गोष्ट.

१३. मिलोशेविचनेच त्यांना आणलं होतं. मग ते मिलोशेविचचेच माणूस नव्हते का?

हा आरोप तेव्हा विरोधकांनीही केला होता आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. स्लोबोदान मिलोशेविच तेव्हा सर्बियाचे राष्ट्राध्यक्ष होते. सगळी सूत्रं त्यांच्या हातात होती आणि त्यांच्या संमतीशिवाय हा कार्यक्रम एक दिवसही चालला नसता. महागाई थांबल्याने त्यांच्या राजवटीला श्वास मिळाला, हे उघड आहे.

तरी मला हा आरोप पुरा पटत नाही. जानेवारी १९९४ मध्ये दुसरा पर्याय काय होता? राजवट पडेपर्यंत पेन्शनरांनी उपाशी राहायचं? महागाईने राजवट पडते असं म्हणावं, तर डिसेंबर १९९३ मध्ये, भाव आभाळाला भिडले असताना, सर्बियात विधानसभेची निवडणूक झाली आणि मिलोशेविच यांचा समाजवादी पक्षच सर्वांत मोठा ठरला. आव्रामोविच काम करायला आले, पक्षात गेले नाहीत आणि पहिल्या दिवसापासून सरकारला न आवडणाऱ्या गोष्टी जाहीरपणे बोलत राहिले. त्या गोष्टी कुठल्या, ते पुढच्या उत्तरात.

१४. त्यांना काढलं कुणी आणि कशावरून?

१५ मे १९९६ रोजी संघराज्याच्या संसदेने ठराव करून काढलं. पंतप्रधान रादोये कोंतिच यांच्या सरकारशी वाद होता. निर्णय कुणाचा, याबद्दल बेलग्रेडमध्ये फारशी शंका नव्हती.

वादाचे मुद्दे दोन. पहिला, सरकारी उद्योगांचं खासगीकरण आणि नोटा छापण्यावर बंधन. दुसरा मुद्दा जास्त गाजला: आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत परत जाणं. बेलग्रेडचा हट्ट असा की आम्हीच टिटोंच्या युगोस्लाव्हियाचे एकमेव वारस, जुनं सदस्यत्व आपोआप आमचंच. नाणेनिधी म्हणत होता, फुटलेल्या देशातून निघालेल्या पाच राज्यांपैकी तुम्ही एक. आव्रामोविचांचं म्हणणं, हा हट्ट सोडा, अटी माना, सदस्य व्हा, कर्ज आणि व्यापार सुरू होऊ द्या. सरकारला हे देशाच्या प्रतिष्ठेवर पाणी सोडल्यासारखं वाटलं.

शेवटी काय झालं? सत्तांतरानंतर डिसेंबर २००० मध्ये देश नाणेनिधीत परतला तो आव्रामोविच सांगत होते त्याच मार्गाने, अनेक वारसांपैकी एक म्हणून. मधली साडेचार वर्षं गेली ती गेलीच.

१५. मग ते राजकारणात कसे आले?

काढल्यावर काही महिन्यांतच. त्या वेळी विरोधकांची ‘झायेद्नो’ ही आघाडी उभी राहत होती. वूक द्राश्कोविच, झोरान जिंजिच आणि वेस्ना पेशिच यांचे पक्ष तिच्यात होते. संघराज्याच्या निवडणुकीपुरते वोयिस्लाव कोश्तुनित्साही बरोबर आले. या चौघांचं एकमेकांशी पटणं कठीण होतं. सगळ्यांना चालेल आणि मिलोशेविचच्या मतदारालाही आपला वाटेल असा एकच माणूस होता. आव्रामोविचांनी आघाडीचं नेतृत्व करायला होकार दिला आणि विरोधकांना पहिल्यांदाच वाटलं की निवडणूक जिंकता येईल.

१६. पण मतदानाच्या आधी ते मागे का हटले? घाबरले का?

ऑक्टोबर १९९६ मध्ये, मतदानाला थोडेच आठवडे असताना, त्यांनी माघार घेतली आणि प्रकृतीचं कारण दिलं. सुमारे ७७ वर्षांच्या माणसाने दिलेलं हे कारण खोटं ठरवायला कुणाकडे आधार नाही. दबावाची चर्चा तेव्हाही होती, पण चर्चेला पुरावा समजू नये. ‘घाबरले’ हा शब्द तर मी वापरणार नाही.

परिणाम मात्र स्पष्ट होता. ३ नोव्हेंबरला झालेल्या निवडणुकीत १३८ पैकी समाजवादी आणि त्यांच्या मित्रपक्षांना ६४ जागा, ‘झायेद्नो’ला २२. दोनच आठवड्यांनी, १७ नोव्हेंबरच्या स्थानिक निवडणुकीत, तीच आघाडी बेलग्रेड, निश आणि इतर मोठ्या शहरांत जिंकली. सरकारने निकाल फिरवायचा प्रयत्न केला तेव्हा लोक कडाक्याच्या थंडीत जवळपास तीन महिने रोज रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी १९९७ मध्ये सरकारला खास कायदा करून निकाल मान्य करावा लागला आणि जिंजिच बेलग्रेडचे महापौर झाले. आव्रामोविच आघाडीवर राहिले असते तर ३ नोव्हेंबरचा निकाल किती वेगळा लागला असता, हा वाद आजही घातला जातो. मला वाटतं जागा वाढल्या असत्या, बहुमत तरीही आलं नसतं. सरकारी दूरचित्रवाणी मिलोशेविच यांच्या हातात होती आणि खेड्यापाड्यांत लोक तीच बघत.

१७. १९९९ मध्ये ते पंतप्रधान होणार होते हे खरं का?

विरोधकांनी तसं नाव पुढे केलं होतं. नाटोचे बॉम्बहल्ले जून १९९९ मध्ये थांबल्यावर ‘सावेझ झा प्रोमेने’ या विरोधी आघाडीने मागणी केली की मिलोशेविच यांनी जावं आणि तज्ज्ञांचं हंगामी सरकार यावं. त्याच्या प्रमुखपदासाठी त्यांनी आव्रामोविच यांचं नाव घेतलं. ते सरकार कधी आलंच नाही. राजवट पडली ती पुढच्या वर्षी, ५ ऑक्टोबर २०००ला, कोश्तुनित्सा यांच्या उमेदवारीमागे सगळे एकवटल्यावर.

१८. म्हणजे ते मंत्री, खासदार, पंतप्रधान यांपैकी काहीच झाले नाहीत?

नाही. हाती सत्ता आली ती फक्त मध्यवर्ती बँकेची, २६ महिने. तरी त्यांना राजकारणी म्हणणं चूक नाही, कारण दिनार कुणासाठी छापायचा आणि कुणासाठी नाही, हा त्या देशातला सगळ्यांत मोठा राजकीय निर्णय होता. २६ फेब्रुवारी २००१ रोजी वयाच्या ८१व्या वर्षी त्यांचं अमेरिकेत निधन झालं. मिलोशेविच यांची राजवट पडलेली त्यांनी पाहिली.

१९. ब्राझीलच्या ‘रिआल’शी तुलना करता येईल का? तेही १९९४चंच ना?

चांगली तुलना आहे. ब्राझीलने १ जुलै १९९४ला रिआल आणला आणि वर्षानुवर्षांची महागाई थांबवली. ती योजना आणणारे अर्थमंत्री फर्नांडो एनरिके कार्डोसो त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. ते मुळात समाजशास्त्रज्ञ. फरक असा की कार्डोसो यांच्यामागे पक्ष होता आणि योजनेच्या यशाचं माप थेट मतपेटीत पडलं. आव्रामोविच यांच्या यशाचं राजकीय पीक त्यांना कामावर ठेवणाऱ्यांनी काढलं. ते विरोधात गेले तेव्हा लोकांचं प्रेम सोबत होतं, कार्यकर्ते नव्हते.

२०. सर्बियात असे आणखी अर्थतज्ज्ञ राजकारणी झाले का? लाबूस आणि दिंकिच यांची नावं वाचली आहेत.

झाले, आणि त्यांचा मार्ग वेगळा होता. मिरोल्युब लाबूस आणि म्लाजन दिंकिच हे १९९७ मध्ये जमलेल्या ‘जी-१७’ या अर्थतज्ज्ञांच्या गटातले. सत्तांतरानंतर लाबूस संघराज्याचे उपपंतप्रधान झाले आणि दिंकिच मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर. बोझिदार जेलिच हे पंतप्रधान जिंजिच यांच्या सरकारात अर्थमंत्री झाले. लाबूस २००२ मध्ये सर्बियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी लढले, पण दुसऱ्या फेरीत मतदान ५० टक्क्यांच्या खाली राहिल्याने निवडणूकच रद्द ठरली. त्यानंतर ‘जी-१७ प्लस’ हा रीतसर पक्ष झाला आणि दिंकिच त्यातून पुढे अर्थमंत्री झाले.

या पिढीने एक धडा घेतला होता: बँक हातात असून भागत नाही, संसदेत मतं लागतात. त्यापायी त्यांना आघाड्या, तडजोडी आणि आरोप सगळंच अंगावर घ्यावं लागलं. आव्रामोविच यांच्याबद्दल वाटणारी माया यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला आली नाही.

२१. माझ्याकडे ५०० अब्ज दिनारची नोट आहे. ती आव्रामोविच यांनी काढलेली का? आणि तिचं काही मोल आहे का?

नाही, ती त्यांच्या आधीची, १९९३ची. ५वर अकरा शून्यं, म्हणजे आपल्या मोजणीत ५० हजार कोटी. तिच्यावरचं चित्र योव्हान योव्हानोविच झ्माय यांचं आहे. ते डॉक्टर होते आणि सर्बियन मुलांचे लाडके कवी. चलन म्हणून या नोटेला काहीही मोल नाही. कुठलीही बँक ती बदलून देणार नाही. संग्राहकांच्या बाजारात ती सहज मिळते, त्यामुळे ‘दुर्मीळ’ सांगून कुणी मोठी रक्कम मागत असेल तर देऊ नका. आव्रामोविच यांच्या काळातल्या नोटा हव्या असतील तर ‘नवा दिनार’ लिहिलेल्या १९९४च्या छोट्या आकड्यांच्या नोटा शोधा.